माती किती इंच?

जळगाव
१६ मार्च २०२५

परमपूज्य विरतिश्रीजी महासतीजींच्या चरणी जळगावहून रिखबचंद छाजेडची सविनय वंदना. आपण सुखसातेत असाल.

हे झालं नियमाप्रमाणे. संघाचे अमृतभाई म्हणाले, आता तिला 'विधी' म्हणायचं नाही, 'तू' म्हणायचं नाही, आणि आलेलं पत्र आधी गुरुणीजी वाचतात. वाचोत. वरच्या दोन ओळी त्यांच्यासाठी. पुढचं तुझ्यासाठी. सव्वीस वर्षं ज्या पोरीला तू म्हटलं, तिला दीक्षेनंतरच्या एका महिन्यात आपण म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मुद्द्याचं बोलतो. तुझं कासव.

दीक्षेच्या आधी तू सगळं वाटून टाकलंस. ड्रेस मामेबहिणींना, स्कूटी तुझ्या मैत्रिणीला, पुनमला, पलंग आणि कपाट कोणाकोणाला. मिरवणुकीत रथावरून दोन्ही हातांनी तांदूळ उधळत होतीस आणि अर्धं जळगाव डोळे पुसत होतं. घरी आलो तर तुझ्या रिकाम्या खोलीच्या मधोमध मगन. चार वर्षांचा, जेवणाच्या ताटाएवढा. त्याला कोणी मागितलं नाही आणि तू कोणाला दिलं नाहीस. दुष्काळात तेरावा महिना.

पलंग गेला तसा त्याचा आडोसाही गेला. दिवसभर संगमरवरी फरशीवर घसरत फिरतो. मागचे पाय फाकतात. दोनदा फ्रिजच्या मागे अडकला. गच्चीवर माकडं, खाली दुकानापुढे कुत्री, म्हणजे बाहेर ठेवायची सोय नाही. तेव्हा घरातच त्याला नीट जागा करायची ठरवलं आहे. मी कूलर बनवणारा माणूस. पत्रा, प्लाय, जाळी, सगळं हाताशी आहे. फक्त माहिती नाही. मोबाइलवर बघितलं तर एक परदेशी माणूस सांगतो कोरडं ठेवा, दुसरा सांगतो ओलं ठेवा. तू कधी काही लिहून ठेवलं नाहीस. सगळं तुझ्या डोक्यात. आणि डोक्यावरचे केस तर तू, जाऊ दे.

एवढंच कळव. जागा किती लांब-रुंद? बल्ब लावायचा का? खायला काय? आणि माती घालायची तर किती इंच? चार उत्तरं. पोस्टकार्डावर मावतील.

आणि हो. वनखात्याच्या पोर्टलवर परदेशी प्राण्यांची नोंद करावी लागते, ती तू केली होतीस. तिथे मगन अजून तुझ्याच नावावर आहे. मालक, विधी रिखबचंद छाजेड. सगळा परिग्रह सोडला म्हणता ना तुम्ही? एक राहिलाय बघा.

आपला संसारपक्षी पिता,
रिखबचंद

(हे 'संसारपक्षी' पत्रिकेत छापलं होतं तसं लिहिलं. म्हणजे एका बाजूने बाप, दुसऱ्या बाजूने कोणी नाही.)


जळगाव
९ मे २०२५

महासतीजींना वंदना.

पोस्टकार्ड मिळालं. अक्षर अमृतभाईंचं. 'महासतीजी सुखसातेत आहेत. आपणास 'दया पाळा' असा आशीर्वाद फरमावला आहे. घरगुती आरंभ-समारंभाविषयी साध्वी काही सांगू शकत नाहीत.'

म्हणजे चार प्रश्नांना मिळून एक शून्य.

मला शिकवू नका. पन्नास वर्षं प्रवचनं ऐकतो आहे; आरंभ-समारंभ म्हणजे जिवांना इजा होईल असं काम. मातीत जीव, पाण्यात जीव, आगीत जीव, पानात जीव. म्हणून साध्वी 'खण' म्हणत नाही, 'ओत' म्हणत नाही, 'पेटव' म्हणत नाही, 'तोड' म्हणत नाही. मान्य. पण मी माती विचारली तर तोंड बंद, पाणी विचारलं तर तोंड बंद, बल्ब आणि पाला विचारला तरी तोंड बंद, मग त्या कासवाने जगायचं कशावर? हवेवर? हवेतही जीव आहेच.

असो. विचारून मिळालं नाही म्हणून स्वतःच केलं. दुकानातलं जुनं शोकेस आठवतं? ज्यात छोटे टेबल-कूलर मांडायचो? साडेचार फूट लांब, चारी बाजूंनी काच. तुझ्या खोलीत आणून आडवं ठेवलं, वरचं झाकण काढलं, खाली दोन इंच वाळू. बघणारे म्हणाले, वा, रिखबभाऊ, राजवाडा. मीही फुगलो. आल्या-गेल्याला मगन दिसतो, मगनला आलं-गेलेलं दिसतं.

मग बल्ब. मोबाइलवरच्या माणसाने सांगितलं, कोपऱ्यात उबेचा बल्ब लावा, पस्तीस डिग्री झाली पाहिजे. लावला. थर्मामीटर ठेवला. काटा चव्वेचाळीसवर. बल्ब बंद केला, तरी त्रेचाळीस. त्या गोऱ्या माणसाने मे महिन्यात जळगाव बघितलेलं नसावं. मगन वाळूत तोंड खुपसून पडला होता. मग मी काय केलं असेल? आपला नवा कूलर, तीन बाजूंनी खसच्या जाळ्या, शोकेसवर तोंड करून लावला. अर्ध्या तासात तेहतीस. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, तुझी गरज नाही. करतो आम्ही.

एक कुरबुर सांगतो. तो दिवसभर काचेला धडका देतो. टक, टक, टक. पुढचे पाय काचेवर चढवतो, घसरतो, पुन्हा चढवतो. सकाळी सुरू होतो, ऊन उतरेपर्यंत. तुझी आई म्हणते, भूक लागली असेल, म्हणून परवा माझ्या पाठीमागे तिने त्याला दोन केळी खाऊ घातली. म्हणे जळगावचं कासव, आणि केळं नको? दोन दिवस जुलाब. शोकेस मी धुतलं.

तुझ्या आईने, मंजूने, वंदना सांगितली आहे. तिला तुझा राग नाही. तिच्या वाटचाही माझ्याकडेच आहे.

रिखबचंद


जळगाव
२७ जुलै २०२५

महासतीजी,

धुळ्याच्या जैन स्थानकात परवा जे झालं, ते तुझ्या बाजूने तू बघितलंस. माझ्या बाजूने ऐक.

चातुर्मासात चार महिने तुम्ही एका जागी असता, म्हणून म्हटलं दर्शन घेऊ. सकाळच्या एसटीने निघालो. पारोळ्याला चहा घेतला तेव्हा मंजूने बजावलं, तिथे जाऊन कासव काढायचं नाही. मी हो म्हटलं. खरंच हो म्हटलं होतं.

पाच महिन्यांनी बघितलं तुला. पांढरे कपडे, तोंडावर मुहपत्ती, दिसतात ते फक्त डोळे. वाळली आहेस. माइकवरून कोणीतरी सांगितलं, विरतिश्रीजी महासतीजींचे संसारपक्षी वडील आले आहेत, त्यांचं स्वागत. लोकांनी 'हर्ष हर्ष' म्हटलं. मी तुझ्यापुढे तीन वेळा वाकलो. ज्या पोरीला मी चालायला शिकवलं, तिच्यापुढे. तुझा डावा डोळा जरा फडफडला असं मला वाटलं. मंजू म्हणते, माशी होती.

चाळीस बाया बसल्या होत्या. सगळ्या धर्माचं विचारत होत्या. माझी पाळी आली आणि तोंडातून निघालं, "माती किती इंच?"

हशा पिकला. तू खाली बघितलंस. मी पुन्हा विचारलं. गुरुणीजी फार प्रेमाने म्हणाल्या, "श्रावकजी, हे साध्वींना विचारायचं नसतं." आणि मी, सगळ्या संघासमोर, मोठ्याने म्हणालो, "एका जिवाचा प्रश्न आहे. मग तुमची दया काय फक्त पुस्तकातल्या जिवांसाठी?"

हात दाखवून अवलक्षण. मंजूने माझी बाही ओढली. निरोपाचं मांगलिक न ऐकताच उठलो. जळगाव आल्यावर एवढंच म्हणाली, "तुम्हाला कासवाचं विचारायचंच नव्हतं."

मग काय विचारायचं होतं मला? सांगतो. आमची आठवण येते का? पण ते विचारलं तर तू 'सगळे जीव सारखे' म्हणणार, आणि ते ऐकायची माझी तयारी नाही. मातीचे इंच विचारण्यात निदान उत्तराला आकडा असतो.

दोन वर्षं तू दूध-साखर सोडलीस, आई-बापांनी आज्ञा द्यावी म्हणून. आज्ञापत्रावर सही केली मी. त्या दिवशी तू माझ्यापुढे दोन कागद ठेवले होतेस. एकावर केली. दुसऱ्याचा विषय आज नको.

शोकेसला तडा गेला आहे, आतून. टक टक चालूच आहे.

रिखबचंद


जळगाव
२९ ऑगस्ट २०२५

मिच्छामि दुक्कडम. परवा संवत्सरी झाली, वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायचा दिवस. तुझी मागेन सावकाश. या वर्षी पहिली मगनची मागितली आहे. का ते सांगतो, आणि हे पत्र गुरुणीजींनीही वाचावं अशी विनंती आहे.

पर्युषणाच्या पहिल्या दिवशी मगनने काही खाल्लं नाही. मंजू म्हणाली, "बघा, त्यालासुद्धा कळतं. उपवास धरला." दुसऱ्या दिवशी बेला. तिसऱ्या दिवशी तेला. चौथ्या दिवशी शेजारच्या कोकिळाबेन हात जोडून उभ्या. पाचव्या दिवशी पंधरा बाया शोकेसभोवती बसून तपाची गाणी म्हणत होत्या, आणि कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. साध्वीजींच्या घरच्या कासवाची अठाई, आठ दिवसांचा उपवास! लोक नशिराबादहून बघायला आले.

तू म्हणशील, पप्पा, तुम्ही तरी? नाही, तू आता पप्पा म्हणणार नाहीस. पण हो, मीही. मोबाइलवर रोज शंभर गोष्टी तपासणारा मी, हे मात्र तपासलं नाही. मला ते खरं असावं असं फार वाटत होतं. वाटलं, पोरीच्या सोबतीत चार वर्षं राहिला, तिचं काहीतरी त्याच्यात उतरलं आहे. म्हणजे घरात काहीतरी शिल्लक आहे. सगळ्यांना नीट दिसावा म्हणून मी काच पुसायला बसलो. टक टक बंद झालं होतं, तेही मी तपाचं लक्षण धरलं.

सहाव्या दिवशी काच पुसता पुसता दिसलं. त्याच्या नाकाशी बुडबुडे. तोंड उघडं, मान लांब केलेली, श्वासाची शिट्टी.

असोद्याचे डॉक्टर नवल पाटील आले. जनावरांचे डॉक्टर. म्हणाले, "भाऊ, मी गाई-म्हशींचा माणूस. पण नाकात फेस म्हणजे छातीत सर्दी, मग ते कोणी का असेना." त्यांनी पुण्याच्या कोणा मित्राला फोन लावला, फोटो पाठवले. मग मला विचारलं, "किती दिवस खाल्लं नाही?"

"सहा."

"आणि सहा दिवस तुम्ही काय करत होता?"

"अनुमोदना. तपाचं कौतुक," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग शोकेसकडे, मग वर. "भरपावसाळ्यात हा कूलर कोणी लावला?"

मी. कोण लावणार? मे महिन्यात लावला तो बंदच केला नाही. आपल्या हाताच्या कूलरची मला एवढी मिजास की बाहेर पाऊस, आत ओली खस, वाळू भिजून चिखल, आणि मी रोज टाकीत पाणी भरतो आहे. आफ्रिकेचं, उन्हाचं जनावर. कूलरवाल्याच्या घरात गारठून मेलं असतं, आणि लोकांनी तपस्वी म्हणून त्याची पालखी काढली असती.

इंजेक्शनं चालू आहेत. रोज वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवायचं, कोरड्या कापडाने पुसायचं, उबेत ठेवायचं. काल त्याने एक पान हुंगलं. खाल्लं नाही. गाणी म्हणणाऱ्या बायांना मी दारातूनच परत पाठवलं, तर त्या मला मिथ्यात्वी म्हणाल्या. म्हणोत.

राग येतो मला. त्यांचा, तुझा, माझा. सगळ्यात जास्त या गोष्टीचा, की तू इथे असतीस तर पहिल्याच दिवशी ओळखलं असतंस. तू धुळ्यात वाटेतल्या मुंगीसाठी पाऊल जपून टाकतेस, आणि इथे तुझ्या खोलीत हे.

तो वाचला नाही तर मी पुन्हा तुला पत्र लिहिणार नाही. धमकी नाही. लिहायला काही उरणार नाही.

रिखबचंद


जळगाव
१२ ऑक्टोबर २०२५

वाचला.

आज सकाळी हरळीची एक अख्खी मूठ खाल्ली, आणि माझ्या अंगठ्याला चावला. मंजूने पेढे वाटले. मी म्हटलं, उपवास सुटल्याचे म्हणून वाटू नकोस फक्त.

आता ऐक. अंगात ताकद आली तशी पुन्हा टक टक सुरू. मी कपाळाला हात लावून बसलो होतो. बेबाबाई फरशी पुसत होती. तुझ्या लक्षात असेल, ती मगनला मगन म्हणत नाही, कारण तिच्या नवऱ्याचं नाव मगन. 'मन्हा मालकना नाववाला' म्हणते. पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही शिकेल-सवरेल मानसं, आनि इतलं समजत नही? त्याले काचमधून बठ्ठं दिसस. दिसस म्हनीसन तो जास. वाट दिसस आनि जाता येत नही, मंग डोकं फिरी नही का?"

मी म्हटलं, मग काय करू?

"आमना गावमा बकरीस्ना वाडाले गोणपाट बांधतस. भाईर दिसत नही, मंग निवांत बसतस."

तिनेच पोतं आणून काचेवर टाकलं. एक तास. फक्त एक तास, विधी, आणि तो शांत झाला. सात महिने मी त्या जिवाला जग दाखवत होतो आणि जाऊ देत नव्हतो, आणि वर राजवाडा म्हणून फुशारकी मारत होतो. नंतर पुण्याच्या त्या डॉक्टरनेही तेच सांगितलं. काच त्यांना कळतच नाही. बेबाबाईला डॉक्टरच्या आधी कळलं.

शोकेस भंगारात घातलं. आता नवं केलंय. सांगतो कसं, तुला ऐकायला नियमाची आडकाठी नसावी, सांगायला असते.

प्लायची पेटी, सात फूट बाय चार. भिंती दीड फूट उंच, बाहेरचं काही दिसत नाही. एका टोकाला बल्ब, त्याच्याखाली चपटा काळा दगड. काटा पस्तीसवर. दुसऱ्या टोकाला सावली, तिथे अठ्ठावीस. उन्हातला जो उजेड त्याच्या अंगाला लागतो, त्याची नळी वर लावली आहे, मध्ये काच नाही, कारण काचेतून तो उजेड येत नाही म्हणे. पाणी मातीच्या परळात, उथळ, त्याच्या हनुवटीइतकं. लपायला अर्धा फुटलेला माठ, आडवा. खायला सुकं गवत, हरळी, जास्वंदीची पानं. केळी बंद. मंजूच्या केळ्यांवर मी लक्ष ठेवून असतो. कूलर गच्चीवर नेऊन ठेवला आहे, पुढच्या एप्रिलपर्यंत त्याचं तोंड बघणार नाही.

आणि माती. नवल डॉक्टरांनी असोद्याच्या त्यांच्या बांधावरची दिली, फवारणी न झालेली. दोन इंच घातली. त्याने उकरली, खाली प्लाय लागला, तो ओरबाडत राहिला. चार इंच घातली. पुन्हा प्लाय. सहा. मी रोज बादलीने माती वर नेतो आहे आणि गडी खाली उकरतो आहे. आठ इंच झाली तेव्हा तो आत शिरला. पाठीचा घुमट तेवढा वर राहिला, आणि झोपला.

आठ इंच. सात महिने तुला विचारत होतो. त्याला विचारायला हवं होतं.

या घरात मला आता बरं वाटतं. कधीकधी दुपारी मी त्या पेटीशेजारी तुझ्या खोलीत आडवा होतो. पण तुझ्यावरचा राग गेलेला नाही, गैरसमज नको.

रिखबचंद


जळगाव
१८ डिसेंबर २०२५

महासतीजींच्या चरणी वंदना.

तुम्ही धुळ्याहून निघालात, पारोळ्यावरून पायी जळगावात येताय, हे आम्हाला माहीत होतं. पण गोचरीची भिक्षा घ्यायला कोणाच्या घरी कधी याल हे आधी सांगायचं नसतं, तेही माहीत होतं. म्हणून आठ दिवस मंजूने दार उघडं ठेवलं. या थंडीत. मी म्हटलं, मगन गारठेल. ती म्हणाली, त्याच्या खोलीचं दार लावा.

काल मी लावलं नव्हतं. पेटी साफ करत होतो, म्हणून त्याला बाहेर सोडलं होतं. माझ्या हातात हरळीची मूठ. आणि दारातून आवाज आला, "दया पाळा."

मी तसाच धावलो. स्वयंपाकघरातून फुलका घेतला आणि तुझ्यापुढे धरला. दहा महिने थांबलो होतो त्या एका गोष्टीसाठी. पोरीच्या पात्रात माझ्या हाताने एक फुलका.

तू पात्र मागे घेतलंस.

आधी मला कळलंच नाही. मग डाव्या हाताकडे बघितलं. हिरवं गवत. हिरव्या पानात जीव, त्याला शिवलेल्या हातून साध्वी अन्न घेत नाही. लहानपणापासून माहीत असलेला नियम. तुझ्या कासवाला खायला घालत होतो म्हणून तुला घालता आलं नाही. मंजूने पुढे होऊन दोन फुलके आणि मुगाची डाळ दिली. मी भिंतीशी सरकलो. आतून इतका चिडलो होतो की कान तापले.

तू वळलीस, आणि मगन खोलीतून बाहेर आला. संगमरवरावर आता मी तरट अंथरलं आहे, त्यामुळे घसरत नाही. नीट चार पायांवर, तुझ्या वाटेत आडवा चालत आला. तू थांबलीस. सोबतच्या साध्वीजीही थांबल्या. मला वाटलं, आता वाकशील. नाव घेशील. निदान एखादा श्वास मोठा घेशील. मी फक्त तुझे डोळे बघत होतो.

तू तो पलीकडे जाईपर्यंत थांबलीस. जितका वेळ लागला तितका वेळ. त्याला बराच लागतो, तुला माहीत आहे. घाई केली नाहीस, आणि जास्तही थांबली नाहीस. मुंगी असती तरी इतकीच थांबली असतीस. मग "दया पाळा" म्हणालीस आणि जिना उतरलीस. जाताना उघड्या दारातून तुझ्या जुन्या खोलीत एकदा नजर गेली. पेटीवर. मंजू म्हणते, तुझी नजर पायऱ्यांवर होती. यावेळी मी तिच्याशी वाद घातला नाही.

दुपारभर मी धुसफुसत होतो. माझ्यासाठी काय उरलं यात? मुंगीचा वाटा, कासवाचा वाटा, बापाचा वाटा, सगळे सारखे. मग पेटीत माती सारखी करायला बसलो. मगन माझ्या मनगटावरून चालत गेला, जसा दगडावरून जातो. दहा महिने मी त्याला पाणी घालतो, औषध पाजतो, त्याचं धुतो. त्याने एकदाही मला ओळख दाखवलेली नाही. त्याचा मला कधी राग आला नाही. मग तुझाच तेवढा का? हात मातीत ठेवून रडलो. मंजूने बघितलं आणि दार ओढून घेतलं.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. आज्ञापत्राच्या दिवशी तू ठेवलेला दुसरा कागद, मगनच्या हस्तांतराचा. तुझी सही, तारीख, सगळं करून दिलं होतंस. फक्त माझे रकाने आणि माझी सही बाकी होती. मी म्हणालो होतो, हा दगड माझ्या दारात ठेवू नकोस. आणि कागद दुकानाच्या ड्रॉवरमध्ये टाकला. तू कोणाला दिलं नाहीस असं मी पहिल्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं. तू मला दिला होतास. परिग्रह राहिलाय म्हणून तुला टोचलं, तोही मीच अडकवून ठेवला होता. कारण त्या पोर्टलवर अजून एका ठिकाणी लिहिलेलं होतं की विधी रिखबचंद छाजेड नावाची कोणी या पत्त्यावर राहते आणि तिचं इथे काहीतरी आहे.

आज सकाळी तोच कागद काढून भरला. नवीन मालक, रिखबचंद छाजेड. पत्ता तोच. राहण्याची व्यवस्था या रकान्यात लिहिलं, घरात, सात फूट बाय चार, माती आठ इंच. ते कासव माझ्यापेक्षा पन्नास वर्षं जास्त जगेल असं नवल डॉक्टर म्हणतात, म्हणून पुढचा माणूस म्हणून पुनमचं नाव दिलं. ती हो म्हणाली आहे.

शेवटी एक रकाना होता. आधीच्या मालकाशी नातं. मग 'वडील' असं लिहिलं. त्याच्या आधी 'संसारपक्षी' लिहिलं नाही.

सही केली. आता तुझ्या नावावर काही नाही.

रिखबचंद